सारजाबाईंची मेंढरं आणि एकशे अडतीस लट्टू

सारजाबाईंची मेंढरं डोंगरावर अडकून पडल्याला सात महिने होत आले होते, आणि त्यात धुळाजी गडदे यांचा काडीचाही दोष नसताना रोज सकाळच्या चहाबरोबर जाब मात्र त्यांनाच द्यावा लागत होता.

मेंढरं टीव्हीतली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. धुळाजींनी शेजारच्या बंकटरावांना ही हकिगत पहिल्यांदा सांगितली तेव्हा नेमकं हेच सांगायचं राहून गेलं, आणि एसटीत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेले बंकटराव दहा मिनिटांत दोरखंड आणि पाहुण्याची जीप घेऊन दारात हजर झाले. खरा प्रकार समजल्यावर ते दोरखंड गुंडाळून परत गेले. पण तेव्हापासून या प्रकरणात सल्ला द्यायचा आपल्याला कायमचा हक्क मिळाला आहे, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

प्रकरणाचं मूळ होतं लट्टू. लट्टू म्हणजे टीव्हीला जोडायचा खेळांचा डबा; पोळ्यांच्या डब्याएवढा, पिवळ्या रंगाचा, सोबत दोन्ही हातांत धरायचं एक बटणांचं यंत्र. बेंगळुरूकडच्या एका नव्या कंपनीनं मोठ्या उमेदीनं तो काढला आणि मोठ्या शहरांत तो कुणी घेतला नाही. बीडमध्ये मात्र खपला, कारण इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालवणाऱ्या शफीभाईंनी ऐन लग्नसराईत 'आहेरासाठी उत्तम' अशी पाटी लावून तो दुकानाबाहेर मांडला. खोका भलामोठा, वर रंगीत चित्र, आणि हीच वस्तू दुसऱ्या कुणी आधी दिली असेल अशी धास्ती नाही. धुळाजींना त्यांचा लट्टू पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी शाल-नारळासोबत दिला. साठीकडे झुकलेल्या माणसानं त्याचं काय करावं, हे निरोपाच्या एकाही भाषणात कुणी सांगितलं नाही, म्हणून तो खोक्यासकट कपाटावर गेला.

पुढे सारजाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने पाय हलवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. शफीभाईंची मुलगी मेहेक कॉम्प्युटरची पदवी घेऊन दुकानातच बसायची. ती भेटायला आली तेव्हा तिनं तो डबा खाली काढला आणि टीव्हीला जोडून दिला. त्यात पोर्तुगाल देशातल्या दोघी बहिणींनी केलेला एक खेळ होता. भांडण नाही, बंदूक नाही. एक बाई, तिची मेंढरं, आणि गावापासून डोंगरावरच्या कुरणापर्यंतची वाट.

सारजाबाई तलवाड्याकडच्या मेंढपाळाच्या घरातल्या. लग्न होईपर्यंत वर्षातले आठ महिने त्या बापाच्या कळपामागं चालत असत. लग्न नोकरदाराशी झालं आणि चालणं संपलं ते संपलंच. याबद्दल त्या आजवर चकार शब्द बोलल्या नव्हत्या. पण त्या दिवशी टीव्हीत मेंढरं दिसली आणि बाई उशीला टेकून ताठ बसल्या. बटणं त्यांना एका दुपारीत आली. एका मेंढीचा पाय मोडका होता. तिला कडेवर घ्यायची सोय खेळात होती, पण ती मेहेकलाही माहीत नव्हती, ती सारजाबाईंनी शोधून काढली. प्रत्येक मेंढीला नाव पडलं. गुडघा बरा झाला तरी बाई उठेनात. शेवटी एकदाचा कळप कुरणावर पोचला, वरून बर्फ पडायला लागलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली की परतीचा प्रवास पुढच्या भागात.

पुढचा भाग काही येईना.

"कावून येत न्हाई?" सारजाबाई रोज विचारायच्या. "वर बर्फ पडतंय. खायला काय घालायचं मुक्या जनावरानं? तुमी सरकारी माणूस हाव, एक कागद करा की कुणाला."

धुळाजींनी कागद केला. म्हणजे तो त्यांनी सांगितला आणि मेहेकनं इंग्रजीत करून लट्टूच्या कंपनीला धाडला. उत्तर आलं ते वाचून दाखवायला मेहेकनं त्यांना दुकानात बोलावलं.

"कसं आहे काका, डबा बनवणारी कंपनी स्वतः खेळ फारसे बनवत नाही. खेळ बाहेरचे लोक बनवतात. ते बघतात की डबे किती जणांकडे आहेत. आणि लोक बघतात की डब्यावर खेळ किती आहेत. लट्टू कमी खपला म्हणून बाहेरचे एकेक करून निघून गेले. आधी क्रिकेटवाले गेले, मग ट्रकवाले, परवा कॅरमवालेसुद्धा. आणि ते गेले म्हणून लट्टू आणखी कमी खपतो."

धुळाजींना हे चटकन समजलं. नोकरीच्या सुरुवातीला ते एका खेड्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात होते. तिथं औषधं नाहीत म्हणून शेतकरी येत नसत, आणि शेतकरी येत नाहीत म्हणून वरून औषधं येत नसत. तो दवाखाना पुढं बंद झाला.

"आता त्या दोघी बहिणी म्हणतात," मेहेक पुढं वाचू लागली, "दुसरा भाग तयार आहे, पण तो लट्टूवर बसवायला मेहनत आहे. या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत देशभरात दोन हजार लट्टू नोंदले गेले तर करू, नाहीतर राहिलं. आज नोंद आहे एक हजार आठशे बासष्टची."

"म्हंजे एकशे अडतीस कमी," धुळाजी म्हणाले. आकडेमोडीत ते पक्के होते.

गल्ल्यावरून शफीभाईंनी मान वर केली. "डॉक्टरसाब, एकशे एकाहत्तर तर म्या एकट्यानं विकले. ह्याच बीडात. त्यातले किती नोंदले गं, मेहेक?"

"नऊ."

"नऊ? मग बाकीच्याचं लोकायनी केलं तरी काय?"

मेहेक म्हणाली, "शोकेसमध्ये ठेवले असतील, अब्बा. नोंदणी डब्यावरूनच होते. टीव्हीला लावायचा, नेट जोडायचं, हिरवं बटण दाबायचं. झालं."

पण धुळाजींचं शेवटच्या वाक्याकडं लक्ष नव्हतं. 'डॉक्टरसाब' या संबोधनानं त्यांची छाती आधीच थोडी वर आली होती. खेड्यांत पशुधन पर्यवेक्षकाला सगळे डॉक्टरच म्हणतात आणि निवृत्तीनंतर तसं म्हणणारं शफीभाईंशिवाय कुणी उरलं नव्हतं. त्यात एकशे बासष्ट वस्तू जिल्ह्यात कुठंतरी आहेत, आणि त्या शोधून नोंदायच्या आहेत. तीन पशुगणना त्यांनी पार पाडल्या होत्या. कोंबड्यांपासून गाढवांपर्यंत काहीही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं, निदान त्यांचा तसा समज होता.

"गणती हा माझा विषय हाय," ते म्हणाले. "मेहेक, बटणाचं नंतर बघू. आधी नमुना तयार करावा लागेल."

नमुना तयार करण्यात तीन दिवस गेले. आता, ज्या माणसानं पस्तीस वर्षं फॉर्म भरले त्याला कोरा कागद बघवत नाही. कुटुंबप्रमुखाचं नाव, वय, जात-प्रवर्ग, घर कच्चं की पक्कं, लट्टूंची संख्या, लट्टू चालू की बंद की भाकड, असे तेरा रकाने पडले. 'भाकड' त्यांनी नंतर खोडलं. नववा रकाना होता रेशनकार्डाचा रंग. तो का घातला, असं पुढं अनेकांनी विचारलं आणि खुद्द धुळाजींनीही स्वतःला विचारलं. त्याला उत्तर एवढंच की आजवर त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक फॉर्मात तो होता, आणि तो नसता तर फॉर्म उघडा वाटला असता.

शफीभाईंनी विक्रीची यादी दिली. धुळाजींनी जुनी कातडी पिशवी काढली, पांढरा शर्ट घातला, खिशाला दोन पेनं लावली आणि स्कूटरवरून मोहिमेला निघाले. पहिलं गाव पाली. यादीत पालीचे पाच लट्टू होते. पहिल्या घरी ओसरीवरूनच आतल्या कपाटात पिवळा डबा स्पष्ट दिसत होता. धुळाजींनी फॉर्म उघडून पेन काढलं. घरातल्या सूनबाईंनी फॉर्मकडं बघितलं, पेनाकडं बघितलं, आणि त्यांचं नाव-गाव लिहून होईपर्यंत डब्यावर टॉवेल पडला.

"आमच्याकडं असलं काही न्हाई, साहेब."

"अहो, टॉवेलाखाली हाय की ते."

"ते देव हायत."

दुसऱ्या घरी डबा खुराड्यात कोंबडीखाली निघाला. कोंबडी अर्थातच धुळाजींनी ओळखली, ती खुडूक नव्हती आणि तिला तिथं बसायचं काही कारण नव्हतं. पण कोंबडीला उठवण्याचे अधिकार त्यांना आता उरले नव्हते. मांजरसुंब्याला हायवेवरच्या ढाब्यात मालक बजरंगनं त्यांना चहा पाजला, पाणी पाजलं, आणि टीव्हीखालच्या लट्टूकडं बोट दाखवल्यावर शांतपणे सांगितलं की तो टीव्हीचा स्टॅबिलायझर आहे. त्याच वेळी दोन ट्रक ड्रायव्हर त्या स्टॅबिलायझरला जोडलेल्या यंत्रावर मोटारींची शर्यत लावून बसले होते.

"बजरंग, तुला मी लहानपणापासनं वळखतो," धुळाजी म्हणाले. "तुझ्या म्हशीला मीच टोचलंय."

"म्हणूनच सांगतो, काका," बजरंग म्हणाला. "लिहून नका घेऊ. माझं कार्ड केशरी हाय. लई मुश्किलीनं केलंय."

आठ दिवसांत धुळाजी बीड शहर आणि अकरा गावं फिरले. एकशे बासष्ट लट्टूंपैकी कागदावर आले तीन. त्यातले दोघे पांढऱ्या कार्डाचे होते, त्यांना कसलीच भीती नव्हती, आणि तिसऱ्यानं लट्टू मोडका असल्याचं लेखी मागून घेतलं. दरम्यान बातमी त्यांच्या स्कूटरच्या पुढं पळत होती. तलवाड्यात ते पोचले तेव्हा गावात पक्कं ठरलं होतं की ज्याच्या घरात लट्टू सापडेल त्याचं पिवळं कार्ड जाणार, आणि घरातल्या बाईच्या खात्यात दरमहा येणारे पैसेही थांबणार. लोकांनी त्यांना ओळखलं होतं, बसायला सतरंजी दिली, जेवायचा आग्रहही केला. फक्त लट्टूचं नाव निघालं की सगळे पावसापाण्याचं बोलायला लागत.

घरी येऊन त्यांनी बूट काढले तेव्हा सारजाबाईंनी तो फॉर्म पहिल्यांदा नीट वाचला.

"तुमचं काही चुकलं न्हाई," त्या म्हणाल्या. यावर धुळाजींना बरं वाटायच्या आत त्या पुढं बोलल्या, "लग्न झाल्यावर पहिल्याच सालात तुमी माझ्या बापाकडं गणतीला गेलता. ध्यानात हाय का?"

"हाय की. चाळीस मेंढरं हुती. मी स्वतः लिवलंय."

"नव्वद हुती. माहेरी आलेली मी पन्नास मागच्या वढ्यात घालून बसलेते. आमच्यात कळपाचा आकडा कुणाला सांगत न्हाईत. जावयालाबी न्हाई."

तो आकडा तालुक्याला गेला होता, तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून पुण्याला. तीन गणनांमध्ये असे किती ओढे असतील याचा त्यांनी हिशेब मांडून पाहिला आणि मध्येच सोडून दिला, कारण त्यानं पस्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल वाईट वाटायला लागलं होतं.

अशा नाजूक वेळी बंकटराव मदतीला आले. त्यांचं म्हणणं होतं की धुळाजींनी प्रवाशांना गाडी रद्द झाल्याचं सांगितलं, म्हणून फलाट रिकामा झाला. आता जादा गाडी सुटणार म्हणून सांगायचं. धुळाजींनी याला होकार दिला नव्हता. त्यांनी फक्त "बघू" म्हटलं होतं, आणि 'बघू'चा अर्थ बंकटरावांनी आपल्या सोयीनं लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकातल्या चहाच्या टपरीवर बसून दोघातिघांच्या कानात सांगितलं, की लट्टू नोंदवणाऱ्याला काहीतरी मिळणार आहे. काय मिळणार ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तीच मोठी चूक झाली, कारण प्रत्येकानं ते आपापलं ठरवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुळाजी दात घासत दार उघडतात तो बाहेर रांग. रांग गल्लीच्या टोकाला वळून दत्ताच्या देवळापर्यंत गेलेली. प्रत्येकाच्या हातात आधारकार्डाची झेरॉक्स, सातबारा, दोन फोटो. लट्टू फारच थोड्यांकडं. एका म्हाताऱ्यानं पिवळा दिसतो म्हणून मिक्सर आणला होता. दोघे-तिघे लट्टू कसा असतो हे विचारायला आले होते. झेरॉक्सवाल्यानं गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकलं, आणि बंकटराव शिट्टी वाजवत रांग सरळ करत होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं.

"नाव लिवून घ्या न हो साहेब," रांगेतली एक बाई म्हणाली. "लट्टू पुढच्या महिन्यात घेतो आमी."

धुळाजींनी हात जोडून सांगितलं की असली काही योजना नाही. त्यांनी हे जितकं कळकळीनं सांगितलं, तितकी लोकांची खात्री पटत गेली की योजना मोठी आहे आणि माणूस ती आपल्या पाहुण्यांसाठी दाबून ठेवतो आहे. दुपारपर्यंत तीनशे बारा अर्ज दारातून आत टाकले गेले. संध्याकाळी एक पत्र आलं, तेही दारातूनच. आपण कोणत्या शासन निर्णयाच्या आधारे सदर योजना राबवीत आहात, याचा लेखी खुलासा करावा, असं त्यांच्याच जुन्या कार्यालयानं विचारलं होतं.

खाली सही होती सुग्रीवची. हा सुग्रीव एकेकाळी धुळाजींच्या हाताखाली लागलेला. लसीच्या बाटल्या बर्फात ठेवायच्या असतात हे त्याला धुळाजींनी शिकवलं होतं. आता तो मोठ्या खुर्चीवर होता. धुळाजी खुलासा घेऊन गेले तर त्यानं आदरानं उभं राहून नमस्कार केला, चहा मागवला, आणि मग खुलासा तीन प्रतींत नसल्यामुळं परत केला.

"सर, तुम्हीच शिकवलंय," तो म्हणाला. "पण सर, खरं सांगा. लट्टूमागं किती हाय?"

"काही न्हाई रे बाबा. टीव्हीतली मेंढरं हायत. बर्फात अडकलीत."

सुग्रीवनं हातातलं पेन खाली ठेवलं. "घरी सगळं ठीक हाय ना, सर?" त्यानं इतक्या मायेनं विचारलं, की धुळाजींना रागावताही येईना. खुलासा तीन प्रतींत करून दिला. त्यात 'मेंढरं' हा शब्द टाळण्यासाठी त्यांना दीड पान जादा लिहावं लागलं.

तिथून ते तडक दुकानात गेले आणि मेहेकला म्हणाले, की हे तीनशे बारा अर्ज आणि माझे तीन फॉर्म कंपनीला पाठव, निदान ती मेहनत तरी दिसू दे. मेहेकनं कॉम्प्युटर उघडला.

"काका, आकडा एक हजार आठशे एकोणसाठ झालाय."

"बासष्ट हुता की!"

"तीननं घटला. आधी जे नऊ नोंदलेले होते ना आपल्याकडचे, त्यातल्या तिघांनी घाबरून नोंद काढून टाकली. आणि काका, फॉर्मचं काही होत नाही. मी पहिल्या दिवशीच बोलले होते. डबा लावायचा आणि हिरवं बटण दाबायचं, बास."

धुळाजी स्टुलावर बसले. शफीभाईंनी पंखा त्यांच्याकडं वळवला आणि कुणी हसलं नाही, याचंच त्यांना जास्त लागलं. पंधरा दिवस खपून त्यांनी बायकोच्या मेंढरांना तीन लट्टूंनी मागं ढकललं होतं. तीस तारखेला नऊ दिवस उरले होते. घरी गेल्यावर त्यांनी सारजाबाईंना सगळं सांगून टाकलं. लपवण्याइतकंही त्राण अंगात नव्हतं.

सारजाबाईंनी ऐकून घेतलं. मग त्या उठल्या, ऑपरेशनच्या गुडघ्यावर हात ठेवून दोन पावलं टाकून पाहिली आणि म्हणाल्या, "उद्या खतीजाला बोलावते. आमी दोघी जातो."

खतीजा म्हणजे शफीभाईंची बायको. दुसऱ्या दिवशी दुकानाचा टेम्पो निघाला. शफीभाई चालवायला, मागं दोघी बाया आणि नेट जोडायला मोबाइल घेऊन मेहेक. धुळाजी बरोबर आले, पण एका अटीवर.

"तुमी खाली उतरायचं न्हाई," सारजाबाईंनी सांगितलं. "तुमी उतरला की लोक दारं लावून घेतेत."

पस्तीस वर्षं ज्या गावांत धुळाजी उतरले की सरपंच सामोरा यायचा, त्या गावांत ते टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून राहिले. काच वर करून. पालीला तर सारजाबाईंनी त्यांना उपरणं तोंडावर घ्यायला लावलं.

आत काय चालायचं हे त्यांना नंतर मेहेककडून कळलं. सारजाबाई कुणालाच काही विचारत नव्हत्या. नाव नाही, कार्ड नाही, डबा आहे की नाही हेसुद्धा नाही. ओसरीवर बसायच्या, पाणी प्यायच्या, गुडघ्याचं सांगायच्या. मग सांगायच्या की माझी मेंढरं डोंगरावर राहिलीत. लंगडी मेंढी कशी चालते ते सांगायच्या. सात महिने झाले, वर बर्फ पडतंय, आणि खाली आणायची तर दोन हजार घरांत एकेक हिरवं बटण दाबावं लागतं, असं काहीतरी त्या देशातल्या बायांनी लावून ठेवलंय. ऐकणाऱ्या बायांना हे चमत्कारिक वाटलं नाही. त्यांच्याही बऱ्याच गोष्टी कुठं कुठं अडकलेल्या होत्या, आणि कुणाच्या तरी सहीवाचून अडकलेल्या होत्या. एखादी उठायची, टॉवेल बाजूला करायची, डबा काढायची. कित्येक डब्यांवरचं प्लास्टिक तसंच होतं. खतीजा ते अलगद सोडवून घडी करून परत द्यायची, कारण ते टाकून दिलं तर आहेर जुना दिसेल, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

पालीच्या सूनबाईंनी स्वतः बटण दाबलं. मांजरसुंब्याला बजरंगच्या आईनं ट्रक ड्रायव्हरांना हाकलून स्टॅबिलायझर मोकळा केला. तलवाड्यात तर बाया डबे घेऊन एकाच घरात जमल्या, आणि एका टीव्हीला पाळीपाळीनं सतरा लट्टू लागले. टेम्पोतून धुळाजींना फक्त त्यांचं हसणं ऐकू येत होतं. शफीभाई स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपले होते. आपण पंधरा दिवस जे करत होतो ते नेमकं काय होतं, असा प्रश्न धुळाजींना पडला, आणि त्याचं उत्तर त्यांना आवडलं नाही.

तीस तारखेला दुपारी मेहेकनं आकडा सांगितला. दोन हजार तीन. सारजाबाईंनी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं, "मग कधी निघायचं?"

महिना-दीड महिन्यानं दुसरा भाग आला. त्याच आठवड्यात कंपनीचं पत्रही आलं, की लट्टूचं उत्पादन थांबवण्यात येत असून बाहेरून आलेला हा शेवटचा खेळ होय. शफीभाईंनी पाटी काढून ठेवली. सारजाबाईंनी पत्राबद्दल काही विचारलं नाही. त्या बर्फातून कळप काढण्यात गुंतल्या होत्या. रोज दुपारी दोन तास त्या खाली उतरायच्या. गल्लीतल्या बाया भाजी घेताना विचारायच्या, "आली का मेंढरं?" आणि सारजाबाई सांगायच्या, "नदीपाशी हायत." फोन तलवाड्याहूनही यायचे, पालीहूनही.

अखेर एका दुपारी पडद्यावर गाव दिसलं. दगडी भिंती, धूर, मेंढवाड्याचं उघडं फाटक. धुळाजींनी घाईनं सगळ्यांना बोलावणं धाडलं. शफीभाई, खतीजा, मेहेक आणि बंकटराव पोह्यांच्या बश्या घेऊन टीव्हीसमोर बसले. कळप फाटकाजवळ आला, लंगडी मेंढी कडेवर होती, आणि सारजाबाईंनी सगळी मेंढरं फाटकावरून उजवीकडं वळवून कापलेल्या शेतात चरायला सोडली.

"वहिनी, फाटक समोर हाय," बंकटराव म्हणाले.

"दिसतंय मला."

सगळ्यांनी थोडी वाट पाहिली. मेंढरं चरत होती. पोहे संपले, दुसरा चहा झाला, आणि पाहुणे एकमेकांकडं बघत उठून गेले. दार लावून धुळाजी परत आले तेव्हा त्यांचा संयम पार संपला होता.

"अगं, नेतीस का न्हाई आत? ह्या मेंढरांपायी मी जिल्हाभर चोर ठरलो. सुग्रीवला वाटतंय माझं डोकं फिरलंय. तोंडावर उपरणं घेऊन बसलो मी टेम्पोत, आणि तू दारात आणून ती चारत बसलीस."

सारजाबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "आत नेली की संपलं," त्या म्हणाल्या. "मेहेक म्हणली, ह्या डब्यासाठी आता कुणीच काही करणार न्हाई. मग परत कुठली मेंढरं आणू मी? लग्नाच्या वेळी बापानं असाच एका दुपारी कळप आत घेतला आणि मला म्हणला, चल. मागं वळून बगू दिलं न्हाई."

पस्तीस वर्षांच्या संसारात हे त्या पहिल्यांदा बोलत होत्या. आपण हिला गुडघ्याबद्दल विचारलं, औषधाबद्दल विचारलं, पण हे कधी विचारलं नाही, या विचारानं धुळाजींना मनापासून वाईट वाटलं.

"मग राहू दे," ते म्हणाले. "काय घाई हाय."

"लंगडीला पाणी पाजायचं राहिलंय."

धुळाजींनी खुर्ची ओढून सारजाबाईंच्या शेजारी घेतली, चष्मा पुसला, आणि शेताच्या कडेनं पाणी कुठं दिसतं का ते दोघं बघू लागले.